सायकलला ओव्हरटेक करताना पाच फूट सोडा

मी साताऱ्यात ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते आणि कामावर सायकलने जाते. क्लच, ब्रेक, रिव्हर्स हे सगळं शिकणाऱ्यांना हळूहळू जमतं. सायकलच्या बाजूने गाडी काढणं मात्र मुद्दाम शिकवावं लागतं, कारण ती शिकायची गोष्ट आहे असं बहुतेकांना वाटतच नाही. "ताई, बसतीय की गाडी!" हे उत्तर ठरलेलं.

बसते का, ते मी मैदानावर चुन्याच्या रेघा आखून दाखवते. आपला साधा दुपदरी रस्ता सात मीटरचा, म्हणजे २३ फूट. आपल्या वाट्याला साडेअकरा. सायकलवाला डांबराच्या कडेपासून साधारण अडीच फूट आत चालतो, म्हणजे हँडलचं उजवं टोक साडेतीन फुटांवर. तिथून पाच फूट मोकळे सोडायचे. मग आपली गाडी, आरशांसकट सहा फूट धरा. बेरीज साडेचौदा फूट. म्हणजे अंतर नीट सोडलं तर गाडी मधल्या पट्टीच्या तीन फूट पलीकडे जाणारच, आणि समोरून येणाऱ्याला उरणार साडेआठ फूट. एसटी जवळपास तेवढीच रुंद असते. म्हणून समोरून वाहन येत असेल तर सायकलच्या मागेच राहायचं. मध्ये अखंड पट्टी असेल, वळण असेल, पुढचा चढ संपताना पलीकडचं दिसत नसेल, तरी मागेच.

पाच फूट कशाला? खड्डा, चेंबरचं झाकण, सांडलेली खडी दिसली की सायकलवाला क्षणात दोन फूट उजवीकडे येतो. तोल जाऊन पडलाच तर माणूस आपल्या उंचीएवढी जागा व्यापतो. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून ताशी ३० मैलांपर्यंतच्या वेगाला किमान दीड मीटर सोडा असं लिहिलं आहे, वेग जास्त तर अंतरही जास्त. जर्मनीत २०२० पासून गावात दीड आणि गावाबाहेर दोन मीटर असा नियमच आहे. दीड मीटर म्हणजे आपले पाच फूट. आपल्या रस्त्यांवर खड्डे आणि खडी पाहता त्यात एक इंचही कमी करू नये असं माझं ठाम मत आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं. सायकल दिसली की लगेच ॲक्सिलरेटरवरून पाय काढा. तीस-चाळीस फूट मागे राहा. अगदी चिकटलात तर पुढचा रस्ताही दिसत नाही आणि सायकलवालाही बिचकतो. गिअर उतरवून ठेवा. हॉर्न द्यायचाच तर लांबूनच, एकदा, हलका. बाजूला आल्यावर दिलेल्या हॉर्नने माणूस दचकतो आणि हँडल हलतं. समोर रस्ता मोकळा दिसला की उजवा आरसा, इंडिकेटर, आणि मग गाडी पूर्ण बाहेर काढा. अर्धवट बाहेर काढून घासत जाऊ नका. परत डावीकडे येण्याची घाई तर अजिबात नको. मधल्या आरशात अख्खी सायकल, चाकांसकट दिसली की मगच आत या. त्याआधी आत येणं म्हणजे कट मारणं.

वेळ किती जातो? सायकल ताशी १५ किलोमीटरने चालली आहे आणि तुम्हाला २०० मीटर तिच्यामागे राहावं लागलं, तर ५० च्या वेगाच्या तुलनेत साधारण ३४ सेकंद जास्त लागतात.

पुढे डावीकडे वळायचं असेल तर सायकलला ओव्हरटेक करूच नका, तिच्यामागून वळा. एसटी, ट्रक, डंपर चालवणाऱ्यांनी अंतर आणखी वाढवावं: मोठी गाडी जवळून गेली की वारा आधी सायकलला बाहेर ढकलतो आणि मग गाडीकडे ओढतो. मागचा भाग पुढे जाईपर्यंत स्टिअरिंग सरळ ठेवा.

यवतेश्वरच्या घाटात कासच्या हंगामात शनिवार-रविवारी गाड्यांची रांग असते, आणि तिथले हिशोब वेगळे. चढाला सायकलवाला पायावर जोर देत डावी-उजवीकडे डुलतो. ते मुद्दाम नसतं, वेग कमी असला की सायकल सरळ राहत नाही. उताराला उलट. तीच सायकल ताशी ४० ने जाते आणि वळणावर तिला तुमच्याइतकीच जागा लागते. उतारावर शक्यतो तिच्या पुढे जाऊच नका. गेलात आणि पुढच्या वळणाला ब्रेक मारलात तर ती तुमच्या डिकीवर येईल.

सायकल चालवणाऱ्यांनाही सांगते. अगदी साइडपट्टीला चिकटून चालू नका. डांबराची कड तुटलेली असते, चाक खाली गेलं की वर चढवताना घसरतं, आणि आपण कडेला गेलो की मागच्याला 'बसते' असं वाटतं. अडीच फूट आत, सरळ रेषेत चाला. उभ्या गाड्यांच्या मध्ये शिरून परत बाहेर येऊ नका. त्यांच्या दारापासून हातभर लांबून जा. उजवीकडे सरकण्याआधी मान वळवून मागे बघा आणि हात दाखवा. कानात इअरफोन नको. मागे लाल दिवा संध्याकाळ व्हायच्या आधीच लावा. ऊसतोडणीच्या दिवसांत कोरेगाव, रहिमतपूरकडे अंधारात दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. समोरचे सगळे डिपर देतीलच असं नाही, आणि अप्परच्या झगझगाटात मागच्या ड्रायव्हरला बिनदिव्याची सायकल दिसतच नाही.

मागे तीन-चार गाड्या अडकल्या आणि रस्ता अरुंद असला, तर बसथांबा किंवा शेताची वाट फुटते अशी रुंद जागा बघून हात दाखवा, बाजूला थांबा, त्यांना जाऊ द्या. सगळ्या गेल्या की मागे वळून बघा, शेवटच्या गाडीमागे मोटारसायकल नाही ना याची खात्री करा, आणि मग निघा.