पोटाच्या गोलाईवर अँटेना बसवताना

रत्नागिरीजवळच्या शेडमध्ये माझं दोन आसनी विमान आकार घेतंय. रेडिओवर बोलण्यासाठीचा व्हीएचएफ अँटेना विमानाच्या पोटाखाली लावायचा होता. त्याचा तळ सपाट, पत्रा गोल. आधी स्क्रू नुसतेच आवळले. ०.८ मिमीचा पत्रा स्क्रूंपाशी ओढला गेला, कडेला फट राहिली. आमच्या खाऱ्या वाऱ्यात अशी फट म्हणजे गंजाला आमंत्रणच.

मग इपॉक्सी (दोन भाग मिसळल्यावर कडक होणारा गोंद) पत्र्याला चिकटू नये म्हणून पत्र्यावर पॅकिंग टेप चिकटवून वर मेण चोळलं. अँटेनाच्या तळाला कापसाचे बारीक तंतू कालवलेलं घट्ट इपॉक्सी लावलं आणि तो न आवळता, नुसता टेकवून रात्रभर ठेवला. सकाळी गोलाईला तंतोतंत बसणारं खोगीर तयार! ते हातात घेऊन मी किती वेळ बघत होतो. आतून त्याच गोलाईची अॅल्युमिनियमची पट्टी रिव्हेट केली, म्हणजे वाऱ्याचा भार पसरतो.

पण इपॉक्सीतून वीज जात नाही, आणि ग्राउंड प्लेन, म्हणजे अँटेनाला जोडीदार असा धातूचा पृष्ठभाग, म्हणून पत्राच लागतो. ही जोडणी स्क्रूंमधूनच होते. म्हणून आतल्या पट्टीवरचा रंग स्क्रूंभोवती खरवडून धातू उघडा केला, स्क्रू आवळले, मग सगळ्या कडा सीलंटने बंद केल्या. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितका चांगला) आधी ३ च्या वर होता, आता १.५ आहे. दर पावसाळ्यानंतर स्क्रू उघडून पाहणार आहे.