सोळा आण्यांतून हेक्साडेसिमल

रविवारी आमच्या ओसरीत अकरावी-बारावीची पोट्टी बसतात. लाईन गेली की कम्प्युटर बंद, मग फरशीवर खडूने हिशेब. हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या गटांनी आकडे लिहायची पद्धत, मी तिथेच शिकवते, आणि सुरुवात आबाजींच्या आण्यांपासून करते.

१९५७ साली दशमान नाणी आली, तरी आमचे आबाजी शेवटपर्यंत आण्यांतच मोजत. त्रेचाळीस आणे म्हटलं की लगेच, "दोन रुपये अकरा आने झाले ना!" सोळा भरले की वरचा एक, उरले ते खाली. त्रेचाळीसचं हेक्साडेसिमलही तसंच होतं: २बी. अकराला बी, कारण एका जागेत एकच चिन्ह मावलं पाहिजे. म्हणून दहाला ए, अकराला बी, बाराला सी, तेराला डी, चौदाला ई, पंधराला एफ. सोळाला वेगळं चिन्ह नाही, तो १० असा लिहायचा.

आता मोठा आकडा. पहिल्या वेच्याला आमच्या वावरात ९४३ किलो कापूस निघाला, तोच घेऊ. ९४३ ला १६ ने भागा: भाग ५८, बाकी १५. ५८ ला पुन्हा १६ ने: भाग ३, बाकी १०. ३ ला १६ चा भाग जातच नाही, म्हणजे भाग ०, बाकी ३. भाग शून्य झाला की थांबायचं. बाक्या एकीखाली एक मांडा आणि खालून वर वाचा: ३, १०, १५. उत्तर ३एएफ. दहा पोट्ट्यांतली सहा तरी वरून खाली वाचतात आणि एफए३ लिहितात. पहिली बाकी सुट्या आण्यांची असते, ती शेवटीच बसणार, हे एकदा कळलं की चूक होत नाही.

उलट जाताना उजवीकडून जागांची किंमत १, १६, २५६, ४०९६ अशी सोळापटीने चढते. ३एएफ म्हणजे ३×२५६, १०×१६ आणि १५×१, म्हणजे ७६८ + १६० + १५. झाले ९४३. हा ताळा केल्याशिवाय मी कोणाचंही उत्तर तपासत नाही.

माझी एक विद्यार्थिनी तालुक्याला लग्नपत्रिकांच्या दुकानात बसते. कम्प्युटरला रंग सांगताना त्यात लाल, हिरवा, निळा किती ते तीन आकडे हेक्साडेसिमलमध्ये ओळीने लिहितात, तोच रंगाचा कोड. तिला पळसाच्या फुलाचा रंग हवा होता: लाल २३२, हिरवा ९३, निळा ०. सोळाचा पाढा येत असेल तर कागदही लागत नाही. २३२ मध्ये सोळा चौदा वेळा, उरले ८: ई८. ९३ मध्ये पाच वेळा, उरले १३: ५डी. निळ्याला तिने एकच शून्य लिहिलं आणि कोड पाच अक्षरांचा झाला. प्रत्येक रंगाला दोन जागा असतात, रिकामी जागासुद्धा शून्याने भरायची. पूर्ण कोड ई८५डी००.