ऑटिझम, दृष्टी आणि एमआरआय : या संशोधनात नव्याने येताय त्यांच्यासाठी

आमच्याकडे येणारा प्रत्येक नवा विद्यार्थी आधी विचारतो, ‘कोणतं सॉफ्टवेअर शिकू?’ मी सांगते, आधी स्वतः स्कॅनरमध्ये झोपून ये. डोकं कॉइलमध्ये, म्हणजे संकेत टिपणाऱ्या पिंजऱ्यासारख्या चौकटीत अडकलेलं, डोळ्यांवरच्या छोट्या आरशातून मागचा पडदा दिसतो, इयरप्लग घालूनही यंत्राची धडधड ऐकू येत राहते. वर सूचना अशी की अजिबात हलायचं नाही. आवाज आणि प्रकाश ज्यांना बरेचदा आपल्यापेक्षा तीव्र जाणवतात, त्या ऑटिस्टिक प्रौढांकडून आपण तासभर हेच मागतो.

यात माणुसकी आहेच, पण निष्कर्षही यावरच अवलंबून असतात. एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग सक्रिय आहे ते दाखवणारा एमआरआय, चेतापेशींचं काम थेट मोजत नाही. रक्तातल्या ऑक्सिजनचा बदल टिपतो आणि तो चित्र दिसल्यावर पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोहोचतो. त्यात डोकं मिलिमीटरभर हललं तरी गडबड होते. २०१२च्या सुमारास लक्षात आलं, की अशा बारीक हालचालींमुळे मेंदूच्या दूरच्या भागांमधला संबंध प्रत्यक्षापेक्षा कमकुवत दिसतो. ऑटिझमबद्दल नेमका तोच निष्कर्ष तोवर अनेकांनी मांडलेला होता!

नजरेचंही तसंच. चेहरा पाहताना मेंदूच्या खालच्या बाजूच्या फ्युजिफॉर्म भागाचा एक तुकडा विशेष सक्रिय होतो, हे मेंदू-संशोधक नॅन्सी कॅनविशर यांच्या गटाने १९९७मध्ये दाखवलं. ऑटिस्टिक व्यक्तींमध्ये तो थंड असतो, असे निबंध पुढे आले. मग २००४मध्ये नूशीन हाजीखानी आणि सहकाऱ्यांनी चेहऱ्यावर एक खूण ठेवून तिथेच पाहायला सांगितलं, तर तो भाग सक्रिय झालेला दिसला. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. मेंदूबद्दल बोलण्याआधी डोळे कुठे होते ते कळायला हवं, म्हणून प्रयोग आखतानाच आय-ट्रॅकरचा, म्हणजे नजर कुठे आहे ते नोंदवणाऱ्या यंत्राचा आग्रह धरा.

सहभागींना खोलीचे फोटो आणि स्कॅनच्या आवाजाची फीत आधीच पाठवा. नकली स्कॅनर असेल तर त्यात सराव करू द्या. हातातलं बटण दाबलं की स्कॅन लगेच थांबेल, हे शब्द देऊन सांगा आणि पाळा.

अजून प्रयोगशाळा मिळाली नसेल तर अबाइड हा ऑटिझम-संशोधनातल्या मेंदूच्या स्कॅनचा खुला संग्रह उतरवून घ्या. २०१२च्या पहिल्या संचात १७ केंद्रांवरचे १,११२ जणांचे स्कॅन आहेत. ते विश्रांतीतले आहेत, चित्रं दाखवून घेतलेले नाहीत; पण हात बसायला उत्तम. फक्त विश्लेषणाला लागण्याआधी एकेका व्यक्तीच्या हालचालीचा आलेख काढून बघा.