टायटल्स करताय? या चुका टाळा

टायटल सीक्वेन्स, म्हणजे सिनेमातला नावं दाखवणारा भाग, बहुतेक वेळा बिघडते ती हौसेपायी. अक्षरं उडत येतात, फुटतात, त्यांचा धूर होतो. नाव कुणाचं होतं ते मात्र कळत नाही.

आधी फ्रेम मोजा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा. नावाला अडीच सेकंद मिळाले तर ६० फ्रेम झाल्या. अक्षरं यायला २० आणि जायला २० खर्ची पडल्या की स्थिर नाव उरतं २० फ्रेम, पुरता सेकंदही नाही. तुम्हाला तेवढं पुरतं, कारण नाव तुम्हीच टाइप केलंय आणि दिवसभर तेच बघताय. येणं १० फ्रेममध्ये उरका, जाणं ६ मध्ये. उरलेल्या ४४ मध्ये नाव सावकाश वाचून होतं का बघा. टायटल डिझायनर सॉल बासने केलेल्या 'नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट'च्या (१९५९) टायटल्समध्ये नावं तिरक्या रेघांच्या जाळीवरून सरकत येतात, पण वाचण्यापुरती थांबतात.

देवनागरीचं दुखणं वेगळंच. तयार टेक्स्ट प्रीसेट (अक्षरं हलवण्याचे आयते साचे) बनलेत सुट्या रोमन अक्षरांच्या हिशेबाने. तोच प्रीसेट 'क्षितिज'वर लावा: वेलांटी एकीकडे, 'त' दुसरीकडे, शिरोरेषेचे तुकडे. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलंत तरी शिरोरेषेला भोकं पडतातच. मी प्रीसेटच्या नादाला लागत नाही. टेक्स्टचं शेपमध्ये, म्हणजे नुसत्या आकृत्यांत, रूपांतर करून 'क्षि', 'ति', 'ज' असे हाताने गट पाडते आणि शिरोरेषा स्वतंत्र लेयरवर (थरावर) घेते. आधी रेघ डावीकडून उजवीकडे ओढली जाते, मग अक्षरं तिला खाली लटकत उतरतात. वेळ जातो, पण लिपी लिपीसारखी दिसते. मुळात जोडाक्षरंच फुटून हलन्त दिसत असतील, तर दोष ॲनिमेशनचा नाही. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये दक्षिण आशियाई लिप्यांचं टेक्स्ट इंजिन निवडलंय का ते तपासा.

काळ्याकडून गडद निळ्याकडे जाणाऱ्या पार्श्वभूमीवर पट्टे दिसतायत? ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या असतात. गडद भागात त्यातल्या जेमतेम २५ वापरल्या जातात. त्या २०४८ पिक्सेलभर पसरल्या की एकेक पट्टा ऐंशीएक पिक्सेलचा होतो, आणि अंधाऱ्या थिएटरात तो स्वच्छ दिसतो. प्रोजेक्ट १६ बिटवर न्या, वर हलका ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाका.

शेवटची सरकती नामावली थरथरत असेल तर तिचा वेग फ्रेममागे पूर्ण पिक्सेलमध्ये ठेवा: २.७ नको, ३ करा.

राहिली शुद्धलेखनाची गोष्ट. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'ची (१९६४) टायटल्स पाब्लो फेरोने हाताने लिहिली. देखणी आहेत, पण त्यात 'बेस्ड ऑन'च्या जागी 'बेस ऑन' झालंय आणि ते आजही तसंच दिसतं. माझी चूक याहून बावळट होती. लेयर डुप्लिकेट करून पुढचं नाव घातलं, वरचं पद बदलायचं राहिलं, आणि सिनेमाला दोन छायाचित्रकार मिळाले. तेव्हापासून नावं मी टाइप करतच नाही. निर्मात्याकडून आलेल्या लेखी यादीतून थेट पेस्ट करते आणि फायनल रेंडर (पूर्ण व्हिडिओ तयार) झाल्यावर, टीममध्ये नसलेल्या कुणाला तरी ती यादी हातात देऊन एकेक नाव मोठ्याने वाचायला लावते.