जास्वंदीच्या कटिंगला मुळं कशी फुटवायची, आणि तेव्हा पेशीत काय चाललेलं असतं

पुण्यात जूनमध्ये दोन-चार चांगल्या सरी झाल्या की सोसायटीच्या ग्रुपवर कटिंगचे प्रश्न सुरू होतात आणि त्यातला एक तर ठरलेलाच, रूटिंग पावडर किती लावायची, जास्त लावली तर मुळं लवकर येतील का? नाही येणार, उलट येणारी पण अडतील. पावडर म्हणजे एक प्रकारचं खतच असं आपण धरून चालतो, पण त्या डबीत झाडाला खायला काहीच नसतं. जवळजवळ सगळी टाल्कम असते आणि हजारात एक ते आठ भाग इंडोल ब्युटिरिक ॲसिड, म्हणजे आयबीए. हे हार्मोन आहे. हार्मोन झाडाला पोसत नाही, ते पेशीला निरोप देतं, आणि निरोप कुठे, कधी आणि किती पोचला यावर सगळं ठरतं. म्हणून खाली कृतीबरोबर आत काय होतं ते पण लिहिलंय. ते एकदा कळलं की कृती पाठ करावी लागत नाही.

फांदी निवडा

गणपतीला लाल फूल लागतं म्हणून जास्वंद बहुतेक बिल्डिंगच्या आवारात असतेच, मालकांना विचारून फांदी घ्या. अगदी कोवळी हिरवी नको, जुनी खरखरीत पण नको, मधली, पेन्सिलीएवढी जाड. सकाळी कापा कारण रात्रभरात फांदीत पाणी भरलेलं असतं. पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ती फांदी सोडून द्या, कितीही छान दिसली तरी.

कापताना दिशा सांभाळा

१२ ते १५ सेंटिमीटरचा तुकडा, तीन-चार पेरं असलेला. खालचा काप पेराच्या लगेच खाली आणि तिरका, वरचा काप डोळ्याच्या, म्हणजे पानाच्या बेचक्यातल्या अंकुराच्या, थोडा वर आणि सरळ. माळी लोक असं कापतात कारण नंतर खालचं टोक कुठलं ते बघताक्षणी कळतं, आणि हे कळणं फार महत्त्वाचं आहे.

झाडाचं मुख्य वाढ-हार्मोन ऑक्झिन. ते शेंड्यात आणि कोवळ्या पानांत तयार होतं आणि खोडातून खाली, बुडाकडे जात राहतं. खोडातल्या या पेशींच्या खालच्या बाजूला पिन नावाची प्रोटीन्स बसलेली असतात, ती ऑक्झिन बाहेर सोडतात, खालची पेशी ते आत घेते आणि ती पण खालूनच सोडते, असं पेशी-पेशीतून ते उतरत जातं. फांदी उलटी खोचली म्हणून ही दिशा उलटी होत नाही, पेशींना त्यांचं मूळचं बूडच माहीत असतं, आणि मुळं तिथेच फुटायला बघतात, जे टोक आता हवेत वाळत असतं. पानं काढल्यावर गोंधळ झाला तर पान तुटल्याची खूण शोधा, डोळा कायम त्या खुणेच्या वरच्या बाजूला असतो.

शेंड्यातून काहीतरी खाली उतरतं ही शंका पहिल्यांदा नीट मांडली ती चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी, १८८० मध्ये. गवताच्या कोंबाचं टोक झाकलं की तो उजेडाकडे वळायचा थांबतो, पण वळण पडतं ते टोकाच्या बरंच खाली, हे त्यांनी दाखवलं. पुढे १९२० च्या दशकात फ्रिट्स वेंट यांनी ओटच्या कोंबाची टोकं अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या पदार्थाच्या, चकतीवर ठेवून तो पदार्थ अगारमध्ये उतरवून घेतला. शेंडा नसलेल्या कोंबावर एका बाजूला ती चकती ठेवली तरी कोंब वाकायचा!

आता आपली फांदी. कापल्याबरोबर ऑक्झिनचा खाली जायचा रस्ता तुटला, म्हणजे ते कापाच्या तोंडाशी साठायला लागलं. त्यात जखमेमुळे जास्मोनेट नावाचा दुसरा संकेत लगेच वाढतो, तो पण मुळं फुटायच्या तयारीला हातभार लावतो. जास्वंदीला कधीकधी पावडर न लावता पण मुळं येतात ती यामुळेच. पावडर फक्त या साठ्यात भर घालते.

पानं कमी करा

खालची सगळी काढा, वरची दोन ठेवा आणि ती पण कात्रीने अर्धी करा. पानं ठेवायची कारण साखर आणि ऑक्झिन तिथून येतं, अर्धी करायची कारण मुळं नसताना पाणी उडून गेलं तर भरून काढणार कोण. एप्रिल-मेच्या पुण्याच्या कोरड्या वाऱ्यात कटिंग मरतात त्या बहुतेक अशाच.

पावडर लावा, एकदाच

कोवळ्या फांदीला ०.१ टक्के, मधल्या फांदीला ०.३, जुन्या लाकडाला ०.८ टक्के आयबीएची पावडर असा साधारण हिशोब, आपल्याला ०.३ ची पुरते. चिमूटभर पावडर कागदावर काढा, डबीत फांदी बुडवू नका, ओल लागली की आतली सगळी खराब होते. फांदीचं टोक ओलं करून झटका, खालचे दीड-दोन सेंटिमीटर पावडरीत टेकवा आणि बोटाने हलकं टिचकी मारून जास्तीची पाडून टाका, नुसता पुसट पांढरा थर उरला पाहिजे. उरलेली कागदावरची टाकून द्या.

इथून पुढे जे घडतं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं, म्हणून जरा थांबून सांगते. पेशीत शिरलेल्या आयबीएचं आयएए होतं, म्हणजे झाडाचं स्वतःचं ऑक्झिन. पेशीच्या केंद्रकात वाढीची जनुकं चालू करणारी एआरएफ नावाची प्रोटीन्स आधीपासूनच जनुकांपाशी हजर असतात, पण त्यांना ऑक्स-आयएए नावाच्या दुसऱ्या प्रोटीन्सनी अडवून ठेवलेलं असतं. डबल स्टँडवर लावलेली स्कूटर असते ना, इंजिन चालू, चाक फिरतंय, पण गाडी जागची हलत नाही, तसं. ऑक्झिन म्हणजे पेट्रोल नव्हे, ते स्टँड काढायला लावतं.

कसं, तर टीआयआर१ नावाच्या प्रोटीनला एक खाच असते, ऑक्झिनचा रेणू तिथे बसतो आणि त्यामुळे टीआयआर१ आणि ऑक्स-आयएए एकमेकांना घट्ट धरतात. मग त्या ऑक्स-आयएएवर युबिक्विटिन नावाची खूण चिकटवली जाते, आणि ही खूण लागलेलं प्रोटीन पेशी तोडून टाकते. अडवणारं गेलं, एआरएफ मोकळं झालं, जनुकं चालू. टीआयआर१ हेच ऑक्झिन ओळखतं हे २००५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वेळी दाखवलं.

हे सगळं मिनिटांत सुरू होतं, मुळं मात्र आठवड्यांनी दिसतात. सालीच्या आतल्या थरातल्या काही पेशींना आपलं जुनं काम सोडून परत विभागायला लागायचं असतं, त्यांचा छोटा पुंजका होतो, त्यातून मुळाचं टोक घडतं आणि ते साल फोडून बाहेर येतं. पुंजका बनायला ऑक्झिन भरपूर लागतं, पण एकदा मूळ लांबायला लागलं की तेवढंच ऑक्झिन त्याची लांबी रोखतं. म्हणून आठ दिवसांनी फांदी उपटून परत पावडर लावायची नाही. अतिरेक कुठवर जातो ते बघायचं असेल तर उसातलं तणनाशक टू-फोर-डी आठवा, ते कृत्रिम ऑक्झिनच आहे, रुंद पानाचं तण त्याने वेडंवाकडं वाढून मरतं.

लावा आणि वाफसा राखा

अर्धी वाळू, अर्धं कोकोपीट, किंवा नर्सरीवाले देतील ते पाणी न धरणारं मिक्स. खताचा एक कण नको. आधी पेन्सिलीने भोक पाडा आणि मग फांदी सोडा, थेट खुपसली तर पावडर वरच खरवडून जाते. एक-दोन पेरं आत जाऊ द्या, बाजूने दाबा, पाणी घाला, आणि सावलीत पण उजेडाच्या जागी ठेवा.

पुण्याचा पाऊस चालू असताना खरा धोका कोरडं पडण्याचा नसून चिखलाचा असतो. ऑक्झिन ढकलायला, पेशी विभागायला ऊर्जा लागते, ऊर्जेला ऑक्सिजन लागतो, आणि पाण्याने गच्च भरलेल्या कुंडीत तो नसतो. मूठभर मिक्स दाबून बघा, गोळा व्हावा पण पाणी टपकू नये.

वाट बघा

तीन ते सहा आठवडे. मध्ये नवीन पान फुटलं म्हणून लगेच खूश होऊ नका, फांदीत साठलेल्या अन्नावर पान येऊ शकतं. कापाशी पांढरट खडबडीत गाठ दिसली तर ती पण मुळं नव्हेत, ती जखमेवर वाढलेली गाठ. हलक्या हाताने ओढल्यावर फांदी अडली किंवा कुंडीच्या भोकातून पांढरी टोकं डोकावली, मगच मोठ्या कुंडीत हलवा, आणि खत त्यानंतर पंधरा दिवसांनी.

शेंडा खुडा

रोप जोमात आलं, सात-आठ पानं झाली की शेंडा खुडायचा, जीव होत नाही पण खुडायचाच. शेंड्यातून उतरणारं ऑक्झिन बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. त्याच्यामुळे डोळ्यांना जागं करणारं सायटोकायनिन कमी बनतं आणि झोपवणारं स्ट्रायगोलॅक्टोन जास्त. शेंडा गेला की हे पारडं फिरतं. १९५७ मध्ये स्कूग आणि मिलर यांनी तंबाखूच्या पेशींवर दाखवलं होतं की ऑक्झिन जास्त तर मुळं, सायटोकायनिन जास्त तर कोंब, आणि टिश्यू कल्चरचा, म्हणजे बाटलीत पेशींपासून रोपं बनवण्याचा, सगळा धंदा या प्रमाणावर उभा आहे. आपल्या पाषाण रोडच्या एनसीएलमधल्या, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या, शास्त्रज्ञांनी तर १९९० मध्ये, दशकानुदशकं न फुलणाऱ्या बांबूला टिश्यू कल्चरच्या बाटलीत फुलं आणली होती, पुण्यात झालेलं हे काम पुणेकरांनाच फारसं माहीत नसतं याचं मला वाईट वाटतं.

तर वरचा इंचभर कोवळा भाग, एखाद्या पानाच्या जरा वर, नखाने किंवा स्वच्छ कात्रीने काढा. काही दिवसांत खालचे दोन-तीन डोळे फुगायला लागतील. त्या फांद्या वीतभर झाल्या की त्यांचे शेंडे पण एकदा खुडा, नंतर मात्र थांबा, कारण जास्वंदीला कळी नव्या फांदीवर येते आणि सारखं खुडत राहिलात तर कळ्याच काढून टाकाल.