जलरंगात मोठा वॉश कसा द्यावा

'भरपूर पाणी घ्या आणि रंगाला वाहू द्या' हा वॉशबद्दलचा, म्हणजे मोठ्या भागावर पातळ रंगाचा सलग थर देण्याबद्दलचा, ठरलेला सल्ला. त्याने आकाशं कमी आणि डागच जास्त तयार होतात. पाणी भरपूर हवं हे खरं, पण ते ब्रशात किती आणि कागदावर किती, याचं भान सतत हवं. सगळी गोम तिथेच आहे.

उदाहरण म्हणून ११ × १५ इंची कागदावर वरून गडद, खाली फिकं होत जाणारं निळं आकाश घेऊ. कागद सुती, ३०० जीएसएमचा (म्हणजे जाड), चारी बाजूंनी टेपने बोर्डला चिकटवलेला. पातळ कागद ओला झाला की फुगतो, खोलगट जागी रंग साचतो आणि बोल मात्र हाताला लागतो.

रंग खोलगट वाटीत कालवा. लागेल असं वाटतं त्याच्या दुप्पट. मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जुळवेपर्यंत कागदावरची कड वाळते आणि तिथे कायमची रेघ उमटते. छटा हवी त्यापेक्षा जरा गडद ठेवा, कारण जलरंग वाळला की फिका पडतो. सुरुवातीला अल्ट्रामरीन हा निळा बरा. थोडा रवाळ दिसतो, पण वाळल्यावरही ओल्या ब्रशने बऱ्यापैकी उचलता येतो. थॅलो ब्लू कागदात असा मुरतो, की मग सोडतच नाही.

बोर्डची वरची कड उचलून साधारण १५ अंशांचा उतार द्या. ब्रश मोठा घ्या, त्याहून एक नंबर मोठा घेतलात तरी चालेल.

पहिला पट्टा आडवा, एका दमात. त्याच्या खालच्या कडेला रंगाचं फुगीर पाणी जमतं. पुढचा पट्टा या पाण्याला जेमतेम टेकवत ओढायचा, म्हणजे ते खाली उतरतं. दर पट्ट्याला वाटीत थोडं पाणी वाढवत जा. गेलेल्या पट्ट्यावर परत ब्रश न्यायचा नाही. अगदी मध्ये पांढरा ठिपका राहिला तरीही.

इथपर्यंत दोन-चार कागदांत जमतं. खरी परीक्षा ब्रश खाली ठेवल्यावर सुरू होते, आणि माझे सर्वांत जास्त कागद याच टप्प्यावर गेले आहेत.

तळाशी शेवटचं पाणी साचलेलं असतं. ते तसंच सोडलं, तर वरचा भाग सुकू लागताच हे पाणी कागदातून वर चढतं. पाणी ओल्याकडून कमी ओल्याकडे सरकतं आणि वाटेतले रंगाचे कण पुढे ढकलत नेतं. जिथे थांबतं तिथे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी दातेरी कड सोडतं. म्हणून ब्रश धुऊन, फडक्याला पुसून, त्याच्या टोकाने ते पाणी टिपून घ्या. टिश्यू दाबू नका, रंगही उचलला जातो. टेपवर साचलेलं पाणी विसरू नका. बहुतेक जण कागद टिपतात आणि टेप तशीच ठेवतात, मग तिथूनच पाणी आत शिरतं.

आता कागदाकडे वरून नाही, तिरकं, उजेडाच्या दिशेने बघा. पृष्ठभाग आरशासारखा चकाकतोय तोवर ढगासाठी रंग उचलता येतो किंवा दाट रंग सोडता येतो. चकाकी जाऊन कागद मंद, ओलसर दिसू लागला की हात मागे. नेमका याच वेळी तो पांढरा ठिपका खुपायला लागतो, आणि 'जरासंच' म्हणून ओला ब्रश टेकवला की डाग पडलाच. या अवस्थेत ब्रशातलं पाणी कागदापेक्षा जास्त असेल तर काहीही दुरुस्त होत नाही. मी सरळ उठून ब्रश धुवायला जातो. समोर बसून राहिलं की बोट जातंच.

हेअर ड्रायर या टप्प्यावर नको. हवेच्या झोताने साचलेलं पाणी पसरतं. चकाकी पूर्ण गेल्यावर, लांब धरून, सतत हलवत वापरलात तर ठीक.

डाग पडलाच, तर पूर्ण वाळू द्या. मग किंचित ओल्या मऊ ब्रशने फक्त त्याची कड हळूहळू चोळून टिपा. ओल्यावर उपाय करत बसणारे एका डागाचे तीन करतात.

दुसरा वॉश द्यायचा असेल तर पालथा हात कागदावर टेकवून पाहा. गार लागला, तर आत ओल आहे, थांबा. सगळं झाल्यावर टेप चित्रापासून बाहेरच्या दिशेने, कागदालगत, सावकाश ओढून काढा.