डिजिटल केसपेपर शिकवायचा कसा: ग्रामीण नर्सिंग कॉलेजांसाठी

जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बीएस्सी नर्सिंगच्या वर्गाला रुग्णालयाचं सॉफ्टवेअर शिकवायचं म्हटलं की बहुतेक ठिकाणी प्रोजेक्टर लागतो आणि ‘इथे क्लिक करा, मग तिथे क्लिक करा’ सुरू होतं. त्याचा उपयोग थोडाच. आज शिकणारी मुलगी उद्या धानोऱ्याच्या एखाद्या उपकेंद्रात टॅब घेऊन बसेल आणि परवा नागपूरच्या खासगी रुग्णालयात वेगळ्याच स्क्रीनसमोर. बटणांच्या जागा बदलत राहतात. रुग्ण नेमका कोणता, घटना किती वाजताची, आकडा कोणत्या एककातला आणि नोंद कुणाच्या नावावर, हे चार प्रश्न मात्र सगळीकडे सारखे असतात. शिकवणी त्यांच्याभोवती बांधा.

तयारी

वीस विद्यार्थ्यांना दहा संगणक पुरतात, आणि हे काटकसरीपोटी सांगत नाही. जोडीने बसवलं की एक जण नोंद करतो आणि दुसरा कागदाशी ताडून बघतो. दर अर्ध्या तासाने जागा बदला. सॉफ्टवेअरसाठी बहमनी चांगलं. ते मोफत आहे, खुल्या स्रोताचं आहे, ओपनएमआरएस या रुग्णनोंदींच्या प्रणालीवर उभं आहे आणि साधनं कमी असलेल्या रुग्णालयांसाठीच घडवलेलं आहे. १६ जीबी रॅमच्या एका संगणकावर उबुंटू टाकून तो सर्व्हर करा आणि बाकीचे संगणक साध्या राऊटरने त्याला जोडा. इंटरनेट फक्त पहिल्यांदा सॉफ्टवेअर उतरवून घेताना लागतं. नंतर तार काढून टाका. तालुक्याच्या ठिकाणचं नेट भर तासाला गेलं तरी वर्ग अडत नाही, आणि सरावाचा डेटा बाहेर जायचा प्रश्नच उरत नाही. सॉफ्टवेअरसोबत आलेले पासवर्ड जगजाहीर असतात, ते पहिल्याच दिवशी बदला.

सरावाचे रुग्ण मनाने रचा. साधारण चाळीस पुरेत. खऱ्या केसपेपरवरचं नाव खोडून तोच वापरणं हा सोपा मार्ग वाटतो, पण खेड्यात तो चालत नाही. ‘सिकलसेलची रुग्ण, जुळ्यांची आई, अमुक गाव’ एवढं वाचलं की वर्गातल्या कुणाला ना कुणाला ती बाई कळतेच.

नोंदणी: इथे घाई करू नका

दहा तासिकांपैकी तीन नोंदणीला द्या. शिक्षकांना हे जास्त वाटतं, कारण नोंदणी म्हणजे कारकुनी काम असा समज आहे. प्रत्यक्षात सगळ्यांत महागाच्या चुका तिथेच होतात. एका माणसाच्या दोन फाइली झाल्या की पेनिसिलिनच्या अॅलर्जीची नोंद एका फाइलीत राहते आणि इंजेक्शनची ऑर्डर दुसऱ्या फाइलीत पडते. संगणक इशारा देत नाही, कारण त्याच्या लेखी ती दोन माणसं असतात.

म्हणून पहिला नियम: आधी शोध, मग नवीन नोंद. शोध किमान तीन वाटांनी घ्यायचा. मोबाईल नंबरावरून, नावाच्या पहिल्या तीन अक्षरांवरून, आणि गाव व वय यांच्या जोडीवरून. पूर्ण नाव टाकून शोधणं फसवं असतं. नोंदणी बहुधा रोमन लिपीत होते आणि तिथे ‘मडावी’त कुणी ‘व्ही’ घालतो, कुणी ‘डब्ल्यू’. ‘उईके’च्या शेवटी कुणी नुसता ‘ई’ लावतो, कुणी ‘ई-वाय’. आधारवर जसं आहे तसंच लिहायचं, आपल्या मनाने शुद्ध करायचं नाही. मोबाईल नंबरावरून शोधतानाही एक मेख आहे. एका घरात एकच फोन असला की त्या नंबरावर चार-पाच माणसं निघतात. यादीतलं पहिलं नाव उघडायची सवय तिथेच मोडा.

लग्न झालेल्या बाईचं आधार माहेरच्या नावाने आणि रेशनकार्ड सासरच्या नावाने असणं नेहमीचंच. त्यातून पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्या उपकेंद्रात एक नोंद आणि माहेरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दुसरी, असं झालं की सुरुवातीच्या तपासण्या हरवल्यासारख्या होतात. विद्यार्थ्यांना प्रश्न तोंडपाठ असू द्या: ‘ताई, याआधी कुठं दाखवलं होतं? तिथं नाव काय लिहिलं होतं?’

गावाचं नाव अर्धं लिहू देऊ नका. सावंगी एक नाही. वर्ध्याजवळची सावंगी (मेघे) लिहिताना कंसातला शब्द गाळला की पत्ता कुठल्याही सावंगीचा होतो. तालुका ड्रॉपडाऊनमधून आधी, गाव नंतर, हा क्रम पाळला तर ही चूक बरीच टळते.

वयाचं वेगळंच. एक विद्यार्थी आजीबाई होऊन बसवा. ‘आजी, वय किती?’ ‘असन साठेक.’ अशा वेळी १ जानेवारी ही जन्मतारीख ठोकून देणं ही सार्वत्रिक खोड आहे. सॉफ्टवेअरमध्ये ‘अंदाजे वय’ची सोय असते, ती वापरायला लावा, म्हणजे पुढच्याला कळतं की हा अंदाज आहे. लहान बाळाच्या बाबतीत मात्र अंदाज चालत नाही. पेंटाव्हॅलंट लसीचे डोस ६, १०, १४ आठवड्यांना असतात, तारीख चुकली की सगळं वेळापत्रक सरकतं. जन्माची नोंद किंवा डिस्चार्ज कार्ड पाहूनच तारीख टाकायची.

आभा क्रमांक, म्हणजे रुग्णाचा डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक, १४ अंकी असतो. तो आधारवरून काढताना ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाईलवर जातो, आणि तो मोबाईल बरेचदा पुण्याला कामाला गेलेल्या मुलाच्या खिशात असतो. फोनवरून ओटीपी विचारून घेण्याआधी कशासाठी विचारतो ते रुग्णाला सांगायचं आणि त्याचा होकार घ्यायचा. आभा ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कुणाला ओपीडीतून परत पाठवता येत नाही. सरावासाठी खरा आभा क्रमांक कुणाचाच वापरू नका, विद्यार्थ्यांचा स्वतःचाही नाही.

रुग्णाचे शब्द

तक्रारीच्या रकान्यात आधी रुग्ण जे बोलला तेच लिहायचं. ‘आंग ठणकून रायलं’ याचं लगेच ‘ताप, अंगदुखी’ करून टाकलं की पुढचा डॉक्टर तापाच्याच दिशेने जातो. तेच दुखणं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारातल्या क्रायसिसचं (तीव्र वेदनेच्या झटक्याचं) असू शकतं. शब्द जसेच्या तसे, त्यापुढे कुठं, कधीपासून, किती, आणि मगच ड्रॉपडाऊनमधली संज्ञा. देवनागरी टाइप करायला वेळ लागतो ही तक्रार खरी आहे, पण रोज पंधरा मिनिटं इनस्क्रिप्ट किंवा फोनेटिक कीबोर्डचा सराव केला की ती महिनाभरात मागे पडते.

पूर्व विदर्भात सिकलसेलची नोंद वेगळी शिकवावीच लागते. कागदावर ‘सिकल पॉझिटिव्ह’ असतं आणि ते बहुधा सोल्युबिलिटी टेस्टचं असतं. ती चाचणी वाहक आणि रुग्ण यांत फरक करत नाही. त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते. आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय कोडयादीत वाहकाला डी५७.३, क्रायसिस नसलेल्या रुग्णाला डी५७.१ आणि क्रायसिसमधल्याला डी५७.० असे वेगळे कोड आहेत. ‘सिकल’ टाइप केल्यावर यादीत जे वर दिसेल ते निवडलं, तर निरोगी वाहक मुलीच्या फाइलीला कायमचा आजार चिकटतो किंवा उलट होतं. पक्का रिपोर्ट हातात येईपर्यंत निदानाचा रकाना भरायचा नाही. ‘सोल्युबिलिटी पॉझिटिव्ह’ हे चाचणीच्या निकालात लिहायचं, तारखेसह.

आकडे

हिमोग्लोबिन ८.२ ऐवजी ८२ पडलं तर सॉफ्टवेअर अडवतं. ८.२ ऐवजी ९.२ पडलं तर अडवत नाही, म्हणून बघणाऱ्या जोडीदाराने आकडा मोठ्याने वाचायचा. ताप फॅरनहाइटमध्ये की सेल्सियसमध्ये, साखर उपाशीपोटी की जेवणानंतरची, हे रकान्याच्या शेजारी बघूनच टाकायचं. रिकामं, शून्य आणि ‘तपासलं नाही’ या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. अॅलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ लिहायचं असेल तर आधी विचारलेलं असलं पाहिजे.

सगळ्यांचा श्वास २० आणि बीपी १२०/८० दिसू लागलं की नोंद मोजून केलेली नाही हे ओळखा. उपाय जुनाच: घड्याळ समोर ठेवून पूर्ण एक मिनिट श्वास मोजायला लावा आणि लगेच तो आकडा टाकायला लावा.

फवारणीच्या विषबाधेची केस

वेळेची शिस्त शिकवायला याहून चांगली केस विदर्भात नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवरच्या फवारणीतून झालेल्या विषबाधेनंतर हा विषय इथल्या प्रत्येक रुग्णालयाला माहीत आहे. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा झालेल्या रुग्णाला अॅट्रोपिन हा उतारा सुरू झाला की दर पाच मिनिटांनी नाडी, बीपी, बाहुल्या, छातीतली घरघर आणि काखेतला घाम बघायचा असतो, आणि फरक नसेल तर डॉक्टर डोस दुप्पट करतात. रचलेली केस अशी द्या:

१४:०५ ला तीन अँपूल, १४:१० ला सहा, १४:१५ ला बारा. आपल्याकडे अॅट्रोपिनचं नेहमीचं अँपूल ०.६ मिलिग्रॅमचं. म्हणजे डोस १.८, ३.६ आणि ७.२ मिलिग्रॅम, एकूण २१ अँपूल, १२.६ मिलिग्रॅम.

इथे पहिला सापळा एककाचा. डॉक्टर तोंडाने ‘तीन अँपूल’ म्हणतात, रकान्यात एकक मिलिग्रॅम असतं आणि विद्यार्थी ३ टाकतो. पुढे बारा अँपूलच्या वेळी ७.२ च्या जागी १२ मिलिग्रॅम होतं. पुढच्या शिफ्टला कळतं ते खोटं. अँपूलवरची ताकद वाचायची, गुणाकार करायचा, जोडीदाराकडून तपासून घ्यायचा आणि मगच आकडा टाकायचा.

दुसरा सापळा वेळेचा. धावपळीत कुणी संगणकाकडे जात नाही आणि साडेतीनला निवांत बसून तिन्ही डोस नोंदवले जातात. सॉफ्टवेअर आपोआप १५:३० घालतं. चार्टवर एका मिनिटात २१ अँपूल दिसतात आणि नाडी कधी वाढली याचा डोसाशी मेळ लागत नाही. म्हणून एका विद्यार्थ्याला फक्त लिहिण्याचं काम द्या. त्याने घड्याळ पाहून कागदाच्या पट्टीवर वेळ, डोस आणि नाडी लिहायची. नंतर संगणकात नोंद करताना घटनेची वेळ पट्टीवरून टाकायची. नोंद केल्याची वेळ सॉफ्टवेअर स्वतः ठेवतं. घड्याळ २४ तासांचंच वापरा, नाहीतर रात्री बाराच्या नोंदी दुपारी बारावर जाऊन बसतात.

तिसरी गोष्ट कोडची. ऑर्गॅनोफॉस्फेटच्या विषबाधेला टी६०.० लागतो, पण ती अपघाताने झाली (एक्स४८), स्वतःहून घेतलं (एक्स६८) की ठरवता येत नाही (वाय१८), हे विद्यार्थ्याने कधीच निवडायचं नाही. ही केस मेडिको-लीगल, म्हणजे कायद्याच्या तपासाशी जोडलेली असते. नातेवाइकांची कुजबुज नोंदीत आली की ती पोलीस, विमा आणि सरकारी मदत या सगळ्यांपर्यंत पोचते. डॉक्टर ठरवतील तेच.

चुकलं तर

खोडायचं नाही. चुकीची नोंद ‘चुकीची’ म्हणून रद्द करायची, कारण लिहायचं आणि बरोबर नोंद नव्याने करायची. मागचा चार्ट कॉपी करून पुढे ढकलण्याची सोय सरावाच्या सॉफ्टवेअरमध्ये असेल तर ती पहिले दोन महिने वापरूच देऊ नका. काल काढलेला कॅथेटर (लघवीची नळी) आजच्या नोंदीत ‘चालू’ दिसतो तो याच सोयीमुळे.

वीज गेली तर

एका तासिकेत न सांगता राऊटर बंद करा. बघा, किती जण हात बांधून बसतात. प्रत्येक टेबलावर क्रमांक टाकलेले कागदी फॉर्म हवेत: रुग्ण क्रमांक, नाव, गाव, वेळ, टीपीआर (ताप, नाडी, श्वास), बीपी, दिलेलं औषध, सही. एवढं एका पानावर मावतं. यूपीएसची पंधरा-वीस मिनिटं काम पुढे रेटायला नसतात, सर्व्हर नीट बंद करायला असतात. अचानक बंद पडलेल्या सर्व्हरचा डेटाबेस बिघडू शकतो. वीज आल्यावर आधी दिलेली औषधं चढवायची, मग चाचण्या, मग टीपीआर, आणि प्रत्येक फॉर्मवर ‘संगणकात नोंदवलं’ असं लिहून सही. फॉर्मचे क्रमांक सलग आहेत ना, हे शेवटी मोजायचं.

लॉगिन

प्रत्येकाला वेगळा आयडी, सरावातसुद्धा. ‘सिस्टर मॅडमच्या आयडीने टाकून दे’ ही वॉर्डातली पद्धत मुलं पहिल्या पोस्टिंगलाच शिकतात. त्याआधी त्यांना ऑडिट लॉग उघडून दाखवा. कुणाची फाइल कुणी, किती वाजता उघडली हे तिथे दिसतं. गावातल्या ओळखीच्या माणसाची फाइल नुसती उघडून बघणंही उल्लंघनच. एचआयव्हीच्या नोंदींना २०१७ च्या कायद्याचं वेगळं संरक्षण आहे, आणि डिजिटल स्वरूपातल्या वैयक्तिक माहितीसाठी २०२३ चा कायदा झालेला आहे. स्क्रीनचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायचा नाही, शिकण्यासाठीही नाही. निक्षय (टीबी), यू-विन (लसीकरण), एनसीडी (असंसर्गजन्य आजार) ही सरकारी पोर्टलं दाखवायची तर शिक्षकाने चित्रं दाखवून. चालू लॉगिन विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये.

परीक्षा

लेखी परीक्षेतून काहीच कळत नाही. एका रचलेल्या फाइलीत बारा चुका पेरा: दुहेरी नोंद, एककाची गफलत, मध्यरात्रीची वेळ, न विचारलेली अॅलर्जी, कॉपी झालेला चार्ट. अर्ध्या तासात नऊ सापडल्या तर पास. यातली औषधाची किंवा ओळखीची एकही सुटली तर पुन्हा परीक्षा, बाकी गुण कितीही असोत. दुसरा भाग असा: एकाने केलेली नोंद दुसऱ्याला द्या आणि फक्त स्क्रीन पाहून दोन मिनिटांत शिफ्टचा हँडओव्हर द्यायला सांगा. तो अडखळला तर गुण नोंद करणाऱ्याचे कापा.

बॅच संपली की डेटाबेस मूळ बॅकअपवर परत न्या, जुने आयडी बंद करा आणि पुढच्या बॅचसाठी पेरलेल्या चुका बदला. आधीच्या मुलांनी उत्तरं सांगून ठेवलेली असतात.